थट्टेचा भाऊ

३ फेब्रुवारी
तिसऱ्या डॉक्टरनेही हाकललं! "साहेब, मला हाताखाली घ्या, प्लास्टरचं काम शिकवा." तर म्हणे, "आधी स्ट्रेचर पुस." कुणा डॉक्टरने शब्द टाकल्याशिवाय प्लास्टरच्या शिक्षणाला घेत नाहीत. रात्रशाळा कशीबशी पार पडली — पण हमालासाठी शब्द टाकणार कोण? नुसती स्ट्रेचरं ढकलायला का गाव सोडून एवढ्या लांब किटवेच्या हॉस्पिटलात आलो?

६ फेब्रुवारी
हाडांचे नवे डॉक्टर आलेत. भारी कडक. सिस्टर मुटिंटा म्हणते, "त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, जेरे." पण नाव काय — कसोंडे! म्हणजे बेम्बा! आम्ही न्गोनी जमातीचे, ते बेम्बा जमातीचे. पणजोबांनी एकमेकांशी लढाया केल्या, म्हणून रीतीने आम्ही आता थट्टेचे भाऊ. आम्ही त्यांना माकडं खाणारे म्हणायचं, त्यांनी आम्हाला उंदीर खाणारे. वाट्टेल ते बोलायचं, समोरच्याने राग धरायचा नाही. अगदी मयतीतसुद्धा!

९ फेब्रुवारी
बोललो! डॉक्टर एका म्हाताऱ्याचा पाय बघत होते. मी स्ट्रेचर थांबवलं — "माकडं खाणाऱ्यांना हाडं जोडायला कुणी शिकवलं? ताटात उरलेली जोडून बघता का?"
सिस्टरने डोळेच मिटले. डॉक्टर वळले.
मग म्हणाले, "आणि उंदीर खाणाऱ्याला इथे आत कुणी घेतलं? मांजरं संपावर गेलीत काय?"
तंगडी मोडलेला म्हातारासुद्धा खदखदला!
"उद्या ये प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायला. बघू तुझे हात."

२० मार्च
बुडबुडे थांबले की पट्टी पाण्यातून काढायची. दाबायची तळहाताने, बोटांनी नाही — बोटांचे खळगे पेशंटला टोचतात. आज एका पोराचं मनगट मी एकट्याने बांधलं. डॉक्टर म्हणाले, "न्गोनींनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जोडलं!"

११ जून
घेतलं! मला प्लास्टरच्या शिक्षणाला घेतलं!! निवडीला डॉक्टर स्वतः आले. साहेब लोकांनी विचारलं, "हा तुमचा कोण?" म्हणाले, "भाऊ." आईला फोन केला तर ती आनंदाने किंचाळतच सुटली, पुढचं काही ऐकेचना.

१२ जून
सिस्टरला म्हटलं, बेम्बा भाऊ असावा तर असा! ती हसून हसून भिंतीला टेकली. "अरे येड्या, ते बेम्बा कुठले? नाव बेम्बा सावत्र बापाचं. ते स्वतः काओंडे जमातीचे. तुझे कुणी लागत नाहीत."
तसाच धावलो. "साहेब, चुकलो, तुम्हाला बेम्बा समजलो, माफ करा —"
डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "साहेब? का रे भावा, भांडलोय का आपण?"