गुडघा भरीव वाजतो

४ फेब्रुवारी

ती. वन्सं,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. आम्ही खुशाल आहोत, म्हणजे आपल्या घरात खुशालीचा जो अर्थ असतो त्या अर्थाने. तुमचा खोकला गेला का? गेल्या पत्रात लिहिलं होतंत, झोपू देत नाही म्हणून. कोमट पाणी पीत जा आणि पंख्याखाली निजू नका. तुम्ही ऐकणार नाही, पण लिहून ठेवते.

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहितेय. हॉटेलच्या तळघरात आम्ही सगळ्या वाफेत उकडून निघतो, कागदसुद्धा मऊ पडलाय. घरी लिहिलं असतं तर 'कोणाला?' असा प्रश्न आला असता, आणि तुमचा विषय निघाला की आमच्याकडे भांडी जरा जोरात ठेवली जातात. फोनचं तर नावच नको. दोन खोल्यांत शिंक लपत नाही, बोलणं कुठून लपणार?

बातमी तुमच्या बंधुराजांची आहे. त्यांचे गुडघे सुधारले. खोटं नाही सांगत. मागच्या वर्षी काय हाल होते ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, उगाच जिवाला घोर कशाला. जन्मभर लोकांच्या घरात गुडघे टेकून फरश्या बसवल्या, तर गुडघे काय करतील बिचारे? एकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात खाली बसले ते उठताच येईना. घरमालकाने आणि त्याच्या म्हाताऱ्या सासऱ्याने मिळून उभं केलं. घरी येऊन मला म्हणाले, "काम संपलं आता माझं." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. जेवलेसुद्धा नाहीत.

मग कोणीतरी एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. आम्ही त्यांना सुईवाले म्हणतो. ते दंडातून रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, वर जे पिवळसर पाणी येतं ते सुईने गुडघ्यात भरतात. आपलंच रक्त आपल्यालाच औषध. चिरफाड नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. डॉक्टर माणूस सरळ आहे. म्हणाला, "जादू नाही ही. झिजलेलं सगळं परत उगवेल असं मी म्हणणार नाही. पण तुमचं फार पुढे गेलेलं नाही, फरक पडावा." आणि पडला. हळूहळू, पण पडला. आता मधे गादी घेऊन टेकतात, वाकताना तोंडाने हूं करतात, पण टेकतात. पुन्हा कामावर जातात, पुन्हा माझ्या भाजीला नावं ठेवतात. घर घरासारखं वाटायला लागलं.

आता झालंय काय, की नवा भक्त जरा जास्तच मोठ्याने आरती म्हणतो. जिन्यात कोणी लंगडताना दिसलं की त्याला थांबवून सुईचं माहात्म्य ऐकवतात. समोरच्या निवृत्त मास्तरांना तर इतकं ऐकवलंय की ते हल्ली यांची चाहूल लागली की दार लावून घेतात.

मलाही घेऊन गेले होते. माझ्याही उजव्या गुडघ्यात तसंच भरलं. घरी आल्यावर काय केलं असेल यांनी? तुम्हाला ठाऊक आहे, फरशी बसली की ते बोटाच्या पेराने ठोकून बघतात, खाली माल नीट भरलाय की पोकळ राहिलंय. तसं माझ्या गुडघ्यावर ठोकलं, कान जवळ नेऊन. म्हणाले, "भरीव वाजतो." मला हसू आलं. तर मीही बरी आहे.

तुमच्या गॅलरीतला पारिजात अजून आहे का? की तिथल्या घरमालकाने छाटला? कळवा. पण पत्र इथल्या कामाच्या पत्त्यावरच टाका.

घंटा झाली. चादरी वाट बघतायत.

काळजी नसावी,
वहिनी

---

९ मार्च

ती. वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. मी चार पानं भरून लिहिलं आणि तुम्ही दोन ओळींत परत केलंत: 'भावाचं कळलं, बरं वाटलं. आता तुझं काय ते नीट लिही.' वाचून आधी राग आला. म्हटलं, एवढी खुशाली कळवली ती दिसली नाही का? मग कपड्यांच्या गाडीआड जाऊन रडले. माझ्या शेजारी टॉवेल घडी करणारी आहे, ती म्हणाली, "वाफ डोळ्यात गेली का?" मी म्हटलं, हो.

नीट लिहायचं तर मी बरी नाही. कधीच नव्हते.

सुईवाल्यांनी माझ्या गुडघ्याचा फोटो बघितला तेव्हाच सांगितलं होतं, यांच्यासमोर. "यांचं झिजायला लागलंय, तुमचं झिजून संपलंय. हाडाला हाड लागलंय. इथे सुईचा उपयोग होण्याची आशा फार थोडी. तुम्ही ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना दाखवा." मी हो म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थोडी तर थोडी. सुईच द्या." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते तुम्हाला सांगायला नको, तो चेहरा तुम्ही आईंच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर पाहिलेला आहे. मीच म्हटलं, द्या सुई.

नंतरचे दिवस वाईट गेले. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या, त्या घेतल्या तर म्हणे सुईने भरलेलं काम करत नाही. गोळीशिवाय सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभं राहून इस्त्री करायची, ही काय चीज आहे ते माझं मला माहीत. सगळं पथ्य पाळलं मी. यांनी नसेल पाळलं एवढं. उपयोग शून्य.

आणि रोज सकाळी चहाबरोबर प्रश्न, "फरक?" पहिल्या दिवशी म्हटलं, "थोडा." दुसऱ्या दिवशी 'थोडा'पेक्षा कमी कसं सांगणार? असं करत करत मी त्यांच्या तोंडी पूर्ण बरी झाले, वन्सं. पोकळ फरशीवर ते खुश होऊन चालत होते आणि मी खालून आवाज येऊ देत नव्हते. त्यांच्यासमोर जिना चढायचे, दात खाऊन. ते कामाला गेले की पायरीवर बसून एकेक पायरी घसरत उतरायचे, लहान मूल उतरतं तशी. मास्तरांनी एकदा बघितलं. त्यांनी माझी पिशवी खाली नेऊन ठेवली.

मला चिडायचा हक्क आहे की नाही? आहे. मी चिडलेय. सगळ्यांच्या दुखण्याला बघायला मी, आणि माझं दुखणं मलाच लपवायचं. थकलेय मी. गुडघ्याने कमी आणि 'बरं आहे' म्हणून म्हणून जास्त थकलेय.

शेवटी मागच्या महिन्यात एकटी जाऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. ते डॉक्टर सुईवाले, म्हणून बाईंना मी मनात सुरीवाल्या म्हणते. चांगल्या आहेत, बोलताना घड्याळ बघत नाहीत. छाती तपासली, रक्त तपासलं, म्हणाल्या, "धोका कुठल्याही ऑपरेशनला असतो, पण तुमची तब्येत चांगली आहे. सांधा बदलला तर तुम्ही नीट चालाल." मग विचारलं, "सोबत कोण असेल? सही कोण करेल?" म्हटलं, विचारून सांगते.

विचारणार कोणाला? आईंच्या वेळी तुम्ही सही केलीत. गुडघा बदलला, घरी आल्या, चार पावलं चालल्यासुद्धा, आणि आठवड्याभरात झोपेतच गेल्या. तेव्हापासून या घरात तुम्ही नाही. आईंनी स्वतः हट्ट धरला होता, मी तिथे उभी होते, हे मी यांना तेव्हा सांगितलं आणि नंतरही कितीदा सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर भिंतीने तरी मान हलवली असती.

म्हणून तुम्हालाच लिहायचं ठरवलं होतं, गुपचूप. अर्धं पत्र झालंही होतं. ते फाडलं, कारण परवा सगळंच उघडं पडलं.

यांचं काम लवकर आटोपलं होतं, मला पत्ता नाही. मी जिन्यावर बसलेली, भाजीची पिशवी मांडीत, अर्ध्या वाटेवर. खालून हे वर येत होते. माझ्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबले. मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हटलं, "जरा दम लागला."

"कधीपासून दम लागतोय?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे सुईनंतर?"

"सुईच्या आधीपासून. मधे कधी थांबलाच नाही."

माझ्या शेजारी बसले. दोघं जिन्यात बसलेलो, येणाऱ्या-जाणाऱ्याने वळसा घालून जायचं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी पिशवी घेतली आणि मला धरून वर आणलं.

सकाळी जाग आली ती छिन्नीच्या आवाजाने. बघते तर न्हाणीघराचा उंबरठा फोडतायत. सगळं घर धुळीने पांढरं. मी म्हटलं, "हे काय आरंभलंय?"

"सुरुवातीला पाय उचलता येणार नाही तुला. आईला येत नव्हता."

वन्सं, आई गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यासमोर 'आई' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. मी दाराला धरून उभी राहिले. ते खाली मान घालून ठोकत राहिले. मग म्हणाले, "तिथे सही लागते ना?"

"लागते."

"माझा हात नाही चालायचा. तिला विचार."

"कोणाला?"

"आता नाव घ्यायला लावू नकोस."

मी म्हटलं, आईंचं तुम्हाला हजारदा सांगितलंय, त्या स्वतःच हो म्हणाल्या होत्या. तर म्हणाले, "माहीत आहे मला. तेव्हाही माहीत होतं. पण रागवायला कोणीतरी हवं होतं गं." आणि पुन्हा ठोकायला लागले. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

तर असं आहे. ऑपरेशन या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. तुम्ही याल का? तुमची खाट खिडकीजवळ लावेन, पंख्यापासून लांब. भाजीला नावं ठेवणारी दोन माणसं झाली तरी माझी ना नाही.

पण एक गोष्ट लपवत नाही, लपवायचा कंटाळा आलाय. मला भीती वाटते. सुरीची नाही. मी त्या टेबलावरून उठले नाही तर हे पुन्हा कोणावर तरी रागावतील, आणि सही तुमची असेल. एकदा तुम्ही ते भोगलंत. दुसऱ्यांदा भोगा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून नको वाटलं तर स्पष्ट नाही लिहा, मी मनात काही धरणार नाही. मास्तर सोबत बसतील. सहीचं बघू. मी ऑपरेशन करून घेणार आहे, तुम्ही या किंवा नका येऊ. मला जिना उतरायचाय, माणसासारखा.

पत्र इथेच संपवणार होते. आज हे मला कामावर सोडायला आले, माझ्या चालीने चालत. तळघराच्या दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "लिहिणार आहेस ना आज?" मी म्हटलं, हो. जरा गेले, परत आले. म्हणाले, "आईचेही गुडघे गेले होते. ताईचे गुडघे कसे आहेत ते विचार."

ताई म्हणाले, वन्सं.

तर मी विचारतेय. पण उत्तर मला लिहू नका. पाकिटावर त्यांचं नाव घाला, आणि ते घरच्या पत्त्यावर टाका.

जिन्याकडे डोळे लावून,
तुमची वहिनी