कानामागचा रंग

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी पुण्याहून तुम्हाला पत्रं लिहायचो, पण ती नाटक कंपनीतलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवणार हे माहीत असल्यामुळे त्यांत माझी प्रकृती आणि परीक्षा यांपलीकडे काही नसायचं. हे कुणी वाचून दाखवणार नाही. घरात मी एकटाच आहे. शाळेतून आलो, चहा केला, रोजनिशी उघडली, आणि आजच्या तारखेखाली आजचं काही लिहावंसं वाटेना.

आधी स्वयंपाकघरातला तो दिवस लिहितो, कारण तुमच्या विद्येचा पहिला धडा मला तिथे मिळाला. पावसाळ्यात नाटकं बंद असायची आणि तुम्ही चार महिने लोणावळ्याला घरी असायचात. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून काचेच्या तुकड्यावर सफेदा, पिवडी आणि हिंगूळ खोबरेल तेलात घोटताय. पांढरा, पिवळा आणि लाल, एवढ्या तीन रंगांतून तुम्ही कुठल्याही माणसाची कातडी काढायचात. चेहऱ्यावर बसणाऱ्या या पहिल्या थराला तुम्ही अस्तर म्हणायचात. "सांग, तुज्या आईचा रंग कसा?" तुम्ही विचारलंत. मी तिच्या गालाकडे बघून म्हटलं, "तांबूस." तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारलीत. "आरं, चुलीम्होरं बसल्याली बाई हाय ती! गाल कुनाचाबी इचारू नगं. गाल उन्हाचा आसतो, जाळाचा आसतो. कानामागं बघ, जबड्याखाली बघ." आई म्हणाली, "मला काय बाजारात न्यायचंय का काय, म्हनून बगताय?" तरी तिने मान वळवली. तुम्ही तिच्या कानामागे अंगठा दाबून उचललात. कातडी पांढरी पडली आणि परत भरून आली. "कंचा रंग परत आला?" मला पिवळा दिसला. लाल नव्हे, हळदीसारखा पिवळा. "त्यो आतला. वरनं दोन मानसं सारखीच सावळी दिसत्यात, पर एकाच्या आत हळद आसती, दुसऱ्याच्या आत वीट. हळदीवर इटेचं अस्तर लावलं की मुखवटा दिसतो. मानूस दिसत न्हाई."

पुढे मी कॉलेजात गेलो आणि एका सुट्टीत तुमच्यासमोर कुणाबद्दल तरी "सावळा आहे" असं म्हणालो, तेव्हा तुम्ही रागावलात. "सावळा म्हंजी काय? नाव ठिवलंस की बघायचं सोडतोस तू." मला तो राग अनाठायी वाटला होता. मी शिकत होतो, आणि वस्तूंना नावं देणं यालाच शिकणं म्हणतात अशी माझी समजूत होती.

ज्यांच्या चेहऱ्यावर तुमचा हात सगळ्यात जास्त फिरला ते भाजे गावचे काका. आमच्या नात्यातले नव्हते, पण कंपनीत नायिकेचं काम तेच करायचे आणि मी लहानपणापासून त्यांना काका म्हणायचो. रंगपटात तुमच्यासमोर पेटीवर बसले की त्यांचं तोंड बंद व्हायचं नाही. "भाऊ, आज मला लय गोरी करा. काल नायक म्हनला, आमुशेला भेटल्यागत वाटतं." तुम्ही जबड्यावरून बोट फिरवत म्हणायचात, "तू गोरा झालास तर त्यो पळून जाईल. हाय त्यो रंग झाकायचा न्हाई, त्योच परत लावायचा. गप बस आता, व्हट हलतोय." अस्तर लावून झालं की तुम्ही दहा पावलं मागे सरकायचात आणि बघायचात. मानेचा रंग कुठे संपला आणि चेहऱ्याचा कुठे सुरू झाला हे दिसलं नाही, की मगच काजळाला हात लावायचात. तुम्ही दोघं पावसाळ्यातही आठवड्याला एकमेकांकडे जायचात. तुम्हाला दुसरा मित्र नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता तो दिवस. मी वीस वर्षांचा होतो. उन्हाळ्यात हवा खायला आलेल्या मुंबईच्या लोकांसाठी कंपनीने लोणावळ्यातच पत्र्याचा मंडप टाकला होता. मालकांनी त्या हंगामात रॉकेलचे जुने टांगते दिवे काढून नव्या गॅसच्या बत्त्या आणल्या होत्या. त्या बत्त्या मी मंडपात खाली ठेवलेल्या पाहिल्या, पेटलेल्या पाहिल्या नाहीत. मी दुपारच्या गाडीने पुण्याहून आलो आणि थेट रंगपटात शिरलो. कनात वर बांधलेली होती, बाहेरचं ऊन आत येत होतं आणि तुम्ही काकांच्या जबड्यावर नवीन अस्तराची पट्टी ओढून बघत होतात. ती पट्टी विटेसारखी लाल होती. काकांच्या आत हळद होती, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही मागे सरकलात, डोळे बारीक केलेत, जवळजवळ मिटलेत, आणि म्हणालात, "आजून जरा हिंगूळ पायजे." काका म्हणाले, "भाऊ, आरशात मी मारुती दिसतोय!" तुम्ही दोघंही हसलात. मला हसू आलं नाही. माझ्या मनात आलं, आबांचे डोळे गेले.

संध्याकाळी मालकांनी मला मंडपाच्या दाराशी बाजूला घेतलं. ते म्हणाले, "तू शिकलेला आहेस, मला खोटं सांगणार नाहीस. तुझ्या वडिलांच्या नजरेला पूर्वीसारखं दिसतं का रे?" मी म्हटलं, "रंग फार लाल होतोय. मला वाटतं, त्यांना नीट दिसत नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नाटकाला मी थांबलो नाही, वाचायचं आहे म्हणून घरी आलो. रोजनिशीतली त्या रात्रीची ओळ आज पुन्हा काढून पाहिली. "आज सत्य सांगण्याचा कठीण प्रसंग आला. कचरलो नाही." अक्षर फार सुरेख आहे.

चार दिवसांनी मालकांनी तुम्हाला शाल दिली आणि घरी बसायला सांगितलं. तुमच्या जागी मुंबईचा एक माणूस आला. त्याच्याकडे रंगाच्या तयार कांड्या होत्या आणि प्रत्येक कांडीवर नंबर होता. तुम्ही घरी येऊन शाल खुंटीला लावलीत आणि आईला सांगितलंत, "मालक म्हनलं, तुमच्याच जवळच्या मानसानं सांगितलं की तुमाला दिसत न्हाई." मी समोर बसलो होतो. तुमची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही. "रोज ज्याचं तोंड माज्या हातात आसायचं," तुम्ही म्हणालात, "त्यानंच." आणि त्यानंतर तुम्ही काकांचं नाव घेतलं नाहीत. त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायला उठलो.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी तुम्हाला चष्मा आणला. किती कौतुकाने आणला होता! तुम्ही तो लावलात, आईकडे बघितलंत आणि म्हणालात, "हिचा रंग पैल्यापास्नं हाच हाय." मग मला वाईट वाटू नये म्हणून रोज लावत राहिलात. सुईत दोरा ओवताना मात्र चष्म्याच्या वरून बघायचात आणि दोरा पहिल्याच खेपेला जायचा. मी ते पाहत होतो. पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही.

शेवटच्या दुखण्यात काका तुम्हाला बघायला आले होते. पंच्यात घरचा आंबेमोहोर तांदूळ बांधून आणला होता. पाच वर्षं तुम्ही त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, तरी आले. दारातूनच म्हणाले, "भाऊ, नायिका आलीया. तोंड तरी बगा तिचं." तुम्ही भिंतीकडे वळलात. काकांनी तांदूळ उंबऱ्यावर ठेवला. बाहेर ओट्यावर येऊन त्यांनी मला विचारलं, "माजं काय चुकलं रं? तुला ठावं आसंल." मी म्हटलं, "तापात आहेत, काका. ओळखत नाहीत कुणाला." तुम्हाला ताप नव्हता. तेराव्याला ते आले आणि पंगतीत न बसता गेले.

इतकी वर्षं मी मनाशी असं धरून चाललो की मित्राबद्दलचा तुमचा गैरसमज मी दूर केला नाही, हा माझा दोष. पण मालकांना सांगितलं ते तर खरंच होतं. गेल्या पंधरवड्यात तेही राहिलं नाही. शाळेच्या संमेलनात मुलींचं नाटक होतं आणि रंगवायला कुणी नाही म्हणून मी पुढे झालो. राणी झालेल्या मुलीला दुपारी वर्गाच्या खिडकीशी बसवलं, कानामागे अंगठा दाबून पाहिलं, आणि असं अस्तर काढलं की मानेपासून वेगळं करता येईना. तुम्ही असतात तर दहा पावलं मागे जाऊन मान हलवली असतीत, असं मला वाटलं. संध्याकाळी मैदानात गॅसची बत्ती पेटली आणि ती मुलगी तिच्याखाली येऊन उभी राहिली. चेहरा हिरवट, मेणासारखा. आमचे ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "राणीला कावीळ झालीय का हो?" मी तिला बाजूला घेतलं आणि बत्तीजवळच लाल मिसळत गेलो. आणखी, आणखी. शेवटी तिचा चेहरा जिवंत झाला. बत्तीचा तो उजेड लाल रंग खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग घोटलेली काच पुसायला उन्हात नेली. तिच्यावर उरलेला रंग विटेसारखा होता.

तुम्ही डोळे बारीक करून उन्हातच रात्रीची बत्ती बघत होतात. तुमच्याइतकं नीट त्या मंडपात कुणालाच दिसत नव्हतं. मालक रोज समोर बसून नाटक बघायचे. रंग बरोबर आहे हे त्यांनाही दिसत असणार. त्यांना मुंबईचा माणूस आणायचा होता आणि त्यासाठी कुणाच्या तरी तोंडचा शब्द हवा होता. हे सुचल्यावर मला क्षणभर हलकं वाटलं, ते इथे लिहून ठेवतो, कारण त्या हलकेपणाची मला लाज वाटते. शब्द मीच दिला. एक रात्र थांबून नाटक बघितलं असतं तर दिला नसता.

हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हेही मला कळतं. काका अजून आहेत. कंपनी मोडल्यापासून भाज्याला पुतण्याकडे राहतात, म्हणजे इथून, लोणावळ्याहून, एकच स्टेशन. ते आता सत्तरीला आले असतील आणि त्यांना अजून माहीत नाही की त्यांचं काय चुकलं.

गेल्या रविवारी मी मळवलीला उतरलो आणि भाज्याला चालत गेलो. गावाच्या तोंडाशी एका दगडावर ते बसले होते. पार वाळलेत, पण बसण्याची ती लकब मी कुठेही ओळखली असती. त्यांनी मला ओळखलं नाही. "कुनाकडं निगालात, पाव्हनं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लेणी बघायला आलोय." त्यांनी काठीने वाट दाखवली. "ह्ये आसं सरळ वर. पायऱ्या जपून चढा, लय निसरड्या हायत." मी आभार मानले आणि त्या वाटेला लागलो. लेणी मी पाहिली नाहीत, आबा. पहिल्या वळणाआड एका पायरीवर बसून राहिलो, आणि ते उठून गावात गेले असं डोकावून पाहिल्यावर खाली उतरून स्टेशनवर आलो.