चाळीस खुर्च्यांची वीज

९ जानेवारी

नात झाली! दोन महिने आधीच. दीड किलोसुद्धा नाही. तीन तासांवरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय. जावयाने फोटो दाखवला — मूठभर जीव, पण नाक माझंच! मुलीला म्हटलं तर म्हणते, "आई, एवढ्या नळ्यांतून तुला नाक कुठं दिसलं?" दिसलं म्हणजे दिसलं.

१७ जानेवारी

मुलगी घरी आली, पोर तिथंच. आता रोज दुधाच्या बाटल्या भरून दोघांनी जायचं. मी घरी. करू काय? घासलेली भांडी परत घासली.

१८ जानेवारी

जावयाने विजेच्या गाडीचं गणित सांगितलं. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापायचंच, त्याची ऊब फुकट. हिच्यात हीटर बॅटरीच खातो, मग गाडी पोचायची कशी? "आई, एका हीटरच्या विजेत चाळीस गरम खुर्च्या चालतील." म्हटलं, अख्खं वऱ्हाड बसेल की! हसला बिचारा, किती दिवसांनी. म्हणून निघायच्या अर्धा तास आधी, वायर लावलेली असतानाच, भिंतीच्या विजेवर गाडी तापवायची. वाटेत नुसत्या खुर्च्या. किल्लीवरचं बटण दाबायचं काम माझ्याकडे! मला खातंच मिळालं म्हणा.

२१ जानेवारी

काय करून बसले!

गारठा फार होता. म्हटलं, दोघं उबेत जाऊ देत. दोन तास आधीच बटण दाबलं. बंद पडली की परत दाबलं. आणि त्याच्याही आधी, बॅटरी भरलेली दिसली म्हणून वायर काढून, नीट गुंडाळून ठेवली — इस्त्रीची काढते तशी! जन्माची सवय. सगळी ऊब बॅटरीतून गेली. शंभराचे एक्क्याऐंशी. परत भरायला वेळ कुठला? पोरीला छातीशी धरायची वेळ ठरलेली. जावयाने कपाटातून ब्लँकेटं काढली. रागावला असता तर बरं वाटलं असतं. दोघं ब्लँकेट पांघरून गेली, हीटर बंद, काच आतून पुसत. दूध गार राहिलं म्हणे. माणसंही.

२२ जानेवारी

मुलगी शिंकतेय.

२३ जानेवारी

ताप. नर्सने फोनवरच सांगितलं, "खोकला घेऊन पेटीपाशी यायचं नाही." रोज आईच्या उघड्या छातीवर तासभर ठेवायचे, त्यावरच पोर वजन धरत होती. तेही थांबलं. जावयाचाही घसा धरलाय, तो बाटल्या दारातच देऊन येतो. मुलगी म्हणते, "आई, सर्दी जंतूंनी होते, गारठ्याने नाही." तापात ती माझी समजूत काढतेय! मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

२४ जानेवारी

वजन वीस ग्रॅम उतरलं. वीस ग्रॅम म्हणजे किती? चार चमचे साखर. एवढीशी कुणी कुठून आणून द्यावी तिला!

२५ जानेवारी

नर्सचाच फोन. "घरात ठणठणीत कोण आहे?"

दुपारी पोर माझ्या छातीवर ठेवली. वर चादर. तिची पाठ माझ्या तळहातात मावली. नर्स वाकून म्हणाली, "आजी, श्वास घ्या की!"

विसरलेच होते.