वरच्या खोलीतली घंटी

आई, आज सकाळी घरातलं वाय-फाय गेलं आणि मी राउटरपाशी जाऊन आधी त्याच्या आजूबाजूची भांडी हलवली. घरातले हसले. हसू देत. मला कशाची धडकी भरते ते त्यांना काय ठाऊक!

तुझं हृदय दुबळं झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला आणि तू वरच्या खोलीत अडकलीस. फोन खाली, बाबांच्या यजमानांच्या बैठकीत. मी दिवसभर बँकेत, बाबा गंगेच्या घाटावर कुणाचं तरी क्रियाकर्म करवत. तुला काही झालं तर हाक कुणाला मारशील, या विचाराने मला घास गिळवेना. म्हणून तो बिनतारी फोन आणला. त्याचा तारेचा डबा खाली, हँडसेट तुझ्या उशाशी, घंटीही तिथेच वाजणार. पण आपल्या दगडी भिंतींपुढे त्याचं काही चालेना. मी तार ओढत डबा घेऊन घरभर फिरतेय आणि वरून तू ओरडतेयस, "अगं, नुसती खरखर येतेय! आवाज कट कट के येतोय!" शेवटी जिन्याखालच्या कोनाड्यात जमलं.

आणि मग ती दुपार. बँकेतून फोन लावला तर उचलत कुणी नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कुणाला न सांगता निघाले. आपल्या गल्लीतून एक तिरडी मणिकर्णिकेकडे चालली होती. रोज अशा किती बघतो आपण, पण त्या दिवशी मी भिंतीला चिकटून डोळे मिटून घेतले.

तू पलंगावर मटर सोलत बसली होतीस. "धापा का टाकतेस? पाणी पी आधी." हँडसेट शेजारीच, मुका. बॅटरी भरलेली, पण टोन नाही. खाली येऊन बघते तर कोनाड्यात डबा दिसेचना. चहूबाजूंनी गंगाजलाचे तांब्याचे गडू रचलेले, यजमानांनी गावी न्यायचे. एवढं तांबं आणि पाणी ओलांडून घंटी वर पोचणार कशी?

"कुणी ठेवले हे?"

"मी. गडूवाला दारात ठेवून गेला. गंगा काय जमिनीवर ठेवायची?"

म्हणजे तू जिना उतरली होतीस. चढलीही होतीस, एकटी. खरी भीती मला तेव्हा वाटली. मी वाट्टेल ते बोलले. तू शांतपणे म्हणालीस, "तुझा फोन हलव की. गंगेला कुठे हलवू?"

पुढे तू गेलीस ती झोपेतच. फोन उशाशी होता, चालू होता. त्यानंतर कितीतरी दिवस मी दुपारी बँकेतून घरी फोन लावायची. कुणी उचलणार नाही हे ठाऊक होतं. वर घंटी वाजतेय, एवढंच हवं होतं. एका दुपारी बाबांनी उचलला. कोण बोलतंय, हे त्यांनी विचारलंही नाही.

"वाजतोय गं," म्हणाले. "वर स्वच्छ ऐकू येतो."

तुझ्या खोलीत ते काय करत होते, मी कधी विचारलं नाही.

वाय-फाय केव्हाच सुरू झालंय. भांडी मात्र मी अजून जागेवर ठेवलेली नाहीत. भीती वाटते, आई.