दोष चिमट्याचा

४ जानेवारी
नवा छंद ठरला. साधं घड्याळ घ्यायचं, उघडायचं, तबकडी आणि काटे बदलून त्याला आपल्या पसंतीचा चेहरा द्यायचा. पहिलं घड्याळ बायकोसाठी, गडद निळ्या तबकडीचं. तिला अजून पत्ता नाही. इतकी वर्षं लोकांच्या दाढांच्या मुळांत केसाएवढ्या सुया घालतोय. डेंटिस्टला हे म्हणजे डाव्या हाताचा मळ.

नवशिके भारंभार हत्यारं घेतात. मी घेणार नाही. झाकण उघडायची किल्ली, बारीक स्क्रू ड्रायव्हर, भिंग, चिमटा. बास.

११ जानेवारी
पार्सल आलं. चिमटा स्वस्तातला घेतला, तिथेच फसलो. टोकं थरथरतात. मिनिटकाटा धरला तर तोही थरथरला. असला माल विकणाऱ्याला आत टाकलं पाहिजे. उत्तम प्रतीचा मागवला.

१५ जानेवारी
बायको म्हणाली, चहा बशीत सांडतोय. म्हटलं, कप इतका काठोकाठ भरतेस कशाला? ती म्हणाली, अर्धाच भरला होता. शेवटचा शब्द तिचाच.

२० जानेवारी, सकाळ
उत्तम प्रतीचा चिमटा आला. हाही थरथरतो! शांतपणे विचार केला आणि उलगडा झाला. दोष चिमट्याचा नाहीच, टेबलाचा आहे. खालच्या बिऱ्हाडातलं वॉशिंग मशीन. सगळी इमारत हलते.

दुपार
खाली जाऊन बजावून आलो. खालच्या वहिनी म्हणाल्या, आमचं मशीन बंद पडलंय, महिनाभर हातानेच धुतेय. लोक तोंडावर खोटं बोलतात.

२ फेब्रुवारी
नवं जड टेबल. पायांखाली रबर. मनगट टेकायला उशीही आणली. सेकंदाचा काटा उडाला, गालिच्यात गेला. गुडघ्यांवर बसून शोधला. सापडला नाही. उठायला जरा वेळ लागला. पाय आखडले असणार. बायको दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने हात पुढे केला. मी घेतला नाही. मग घेतला.

९ फेब्रुवारी
सिस्टरबाई दवाखाना उघडल्यापासून माझ्याकडे आहेत. हल्ली दाढ काढायचे पेशंट त्या परस्पर ज्युनिअर डॉक्टरीणबाईंकडे वळवतात. विचारलं तर म्हणाल्या, सर, तुम्ही आता तपासा, सल्ला द्या, धावपळ कशाला? माझ्या अनुभवाची कदर करणारं कोणीतरी आहे. दुपार मोकळी मिळाली. घड्याळाला बसलो. तबकडीवर ओरखडा. निळी तबकडी पुन्हा मागवली. सोबत काटे बसवायचं छोटं यंत्रही. त्यात म्हणे हात लागतच नाही.

१६ फेब्रुवारी
तबकडी चिकटवायचा गोंद भेसळीचा निघाला. वासच नाही. नळी नाकाला लावली तरी नाही. तेवढ्यात बायको आतून ओरडली, खिडकी उघडा, घरभर कसला उग्र वास सुटलाय!
खिडकी उघडली. नळी पुन्हा एकदा हुंगली.

२४ फेब्रुवारी
सिस्टरबाई रजेवर. साध्या फिलिंगची पेशंट होती, एका शाळेतल्या बाई. ड्रिल घसरलं. गालाला आतून लागलं. फार नाही. टाका ज्युनिअर डॉक्टरीणबाईंनी घातला. मी म्हणालो, बाई, तुम्ही मान हलवलीत. त्यांनी तोंडातला कापूस काढला आणि हळूच म्हणाल्या, डॉक्टर, मी हलले नव्हते.
आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी
ड्रिलचा मागचा भाग जड आहे, तोल जातो. नवं बघायला हवं. आज दवाखान्यात गेलो नाही. सर्दी.

२७ फेब्रुवारी
सर्दी नाही.
सिस्टरबाईंनी बायकोला फोन केला होता. दोघींचं बरंच बोलणं झालेलं दिसतं. बायको माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. हत्यारं बाजूला सारली, माझा उजवा हात हातात घेतला आणि टेबलावर नुसता ठेवला. मी काही धरलं नव्हतं. काही करत नव्हतो. हात आपला आपण हलत होता. ती म्हणाली, टेबल हलत नाहीये हो.
मग म्हणाली, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. म्हटलं, मी स्वतः डॉक्टर आहे.
दातांचे, ती म्हणाली.

१० मार्च
मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टरीणबाई माझ्या डिग्रीपेक्षाही लहान. पॅसेजमधून चालवलं. चालताना एक हात झुलत नाही म्हणाल्या. बोटांची चिमूट उघड-मीट करायला लावली. मग कोरा कागद दिला. मधून सुरुवात करून गोल गोल वाढत जाणारी रेघ काढा म्हणाल्या, गोगलगायीच्या शंखासारखी. चुरगळलेल्या तारेसारखी आली. मी म्हणालो, पेन बरोबर नाही. त्यांनी खिशातलं स्वतःचं दिलं. तेही तसलंच निघालं. तसं सांगितलं त्यांना. बायको खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. ड्रॉवरमधून पेन्सिल काढली, नीट टोक केलं, माझ्यापुढे धरली.
रेघ तशीच आली. पेन्सिल चांगली होती.