तुमच्या हाताचा गुण

अहो,

‘प्रिय’ लिहायला आज हात उचलत नाही. रागावले आहे मी तुमच्यावर. तुमचं वर्षश्राद्ध होऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत, तोवर परवा सकाळी शेजारची शेवंतामावशी दारात येऊन म्हणते, “वैनी, भाऊसायबांची ती सुई द्या बरं जरा.” तुमची सुई! जिच्याकडे नुसतं पाहिलं तरी माझ्या अंगावर काटा यायचा, ती!

वर्षभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, आता कागदावर भांडते. मध्येच ‘बरं बरं’ म्हणून सायकल काढून कारखान्यावर जायची सोय तुम्हाला आता राहिली नाही. तेव्हा एकदा सगळं ऐकून घ्याच.

आठवतं का, लग्न होऊन मी बेलापूरच्या या दोन खोल्यांत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा चहा घेऊन ओट्यावर आले होते? तुम्ही एका उघड्या माणसाच्या पाठीवर वाकला होतात. त्याच्या मानेखाली ही एवढी काळपुळी, तिला चाळणीसारखी भोकं पडलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तुमचे दोन अंगठे. मग ती फुटली. तुमच्या बनियनवर उडालं, भिंतीवर उडालं. तुम्ही मागे वळून हसलात, हात लेंग्याला पुसलात आणि त्याच हातानं कपाचा कान धरलात! मी मोरीत जाऊन ओकले. शेजारणीला वाटलं, नव्या नवरीला माहेरची आठवण येतेय.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा चांगला शिकलेला कारकून, अक्षर मोत्यासारखं, कपड्यांना इस्त्री. कुणाला सांगून खरं वाटलं नसतं की या माणसाचा जीव लोकांच्या गळवांत गुंतलाय. ऊस तोडणाऱ्यांचे हातपाय पाचटानं कापलेले असायचे, त्यांत पू धरायचा. दुष्काळाच्या साली तर बघायलाच नको. अंघोळीला तांब्याभर पाणी मिळायची मारामार. खडी फोडणारी माणसं संध्याकाळी कामावरून थेट आपल्या ओट्यावर यायची. कुणाच्या काखेत गळू, कुणाच्या मांडीला केसतूड, कुणाचं बोट नखुरड्यानं टम्म फुगलेलं. ओट्यावर वास तरी किती यायचा! उदबत्ती लावली तर तुम्ही म्हणायचात, “देव आलेत का घरी?”

आणि तुमची ती तयारी! आगपेटीची एक काडी ओढायची, सुईचं टोक तिच्यावरून फिरवायचं, झालं शुद्धीकरण. काम संपलं की सुई पुसून परत शर्टाच्या कॉलरीत. माझी जुनी लुगडी फाडून चिंध्या केल्यात. त्या भरल्या चिंध्या मी चिमट्यानं उचलून परसात जाळायची, तोंडाला पदर लावून. कधी एकदा तरी तुम्ही उचलल्यात का हो?

गळवातलं ते घट्ट पांढरं मूळ निघालं की तुम्हाला काय आनंद व्हायचा! “कमल, बघ बघ, बी निघाली!” म्हणून फडक्यावर घेऊन थेट स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटतेय आणि तुम्ही ते माझ्या नाकासमोर धरताय. वर, “एवढं काय नाक मुरडतेस?” नाक मुरडू नको तर काय करू? त्या दिवसापासून मला खरवस खाववत नाही. माहेरी श्रीगोंद्याला गाय व्याली की आई आठवणीनं ठेवायची, मी काहीतरी कारण सांगायची. आईला खरं कारण कसं सांगणार?

पण लोकांना तुमचं कोण कौतुक! “भाऊसायबांच्या हाताला लई गुन हाय. त्यांनी हात लावला आन् मला रातच्याला झोप लागली.” हे ऐकलं की तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तुम्ही पैसा कधी घेतला नाहीत, हे खरं. कुणी उसाचं कांडं ठेवून जायचं, कुणी मेथीची जुडी. पण स्तुती मात्र तुम्ही पोटभर जेवलात. ती मिळाली की तुम्हाला भाजीत मीठ नसलं तरी चालायचं.

सुमनच्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती, आठवतंय? तुम्ही सुई काढलीत. लेकीच्या डोळ्याजवळ! मी तिला आतल्या खोलीत घेऊन कडी घातली. तुम्ही बाहेरून ओरडत होतात, “अगं, जग माझ्याकडे येतं आणि माझ्याच घरात माझी ही किंमत?” मी कडी काढली नाही. गरम पाण्याच्या शेकानं दोन-चार दिवसांत ती आपोआप बसली. तुम्ही मात्र महिनाभर घुश्शात होतात. त्या भांडणात मी जिंकले ना, मग पुढच्या वेळी का ऐकलं नाहीत माझं?

पुढच्या वेळेचं सगळं मला अजून तसंच दिसतं. खिडकीत आरसा टांगून नाकातले केस उपटायची तुमची ती घाणेरडी सवय! किती वेळा सांगितलं असेल! तिथेच पुळी आली, नाकपुडीच्या आत. नाक लाल झालं, वरचा ओठ सुजला. मी म्हटलं, श्रीरामपूरला जाऊन येऊ, बसनं कितीसा वेळ लागतो? तुम्ही हसलात. “एवढ्याशा पुळीसाठी भाऊसाहेब डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील?”

लोक! लोकांच्या त्या दोन शब्दांसाठी तुम्ही आरशासमोर उभे राहिलात आणि स्वतःचं नाक दोन बोटांत धरून पिळलंत. डोळ्यांतून पाणी आलं तरी पिळत राहिलात. मग मला हाक मारलीत, बघायला. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वजनकाट्यावर तुम्हाला हुडहुडी भरली. कारखान्याच्या जीपमधून घरी आणलं, तेव्हा एक डोळा बंद झाला होता. संध्याकाळपर्यंत तो डोळा खोबणीतून बाहेर आल्यासारखा दिसायला लागला. तरीही तुमचं आपलं चालूच, “पुळीला तोंड पडू दे, मोकळं होईल.” श्रीरामपूरला पोचलो तेव्हा दुसराही डोळा तसाच झाला होता आणि तुम्ही मला सुमन समजून बोलत होतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. पापण्यांच्या फटीतून पिवळं गळत होतं, ते मी पुसत होते. खोटं कशाला बोलू? तेव्हाही मला किळस आली. तुमचंच होतं ते, तरी आली. आणि तरी पुसत राहिले.

तुम्ही गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, असं होतं तरी काय त्या पुळीत? भला माणूस, समोर बसवून सांगितलं त्यांनी. गोल गोल जंतू असतात म्हणे, द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले. जांभळा रंग टाकून दुर्बिणीखाली बघितले तर दिसतात. चांगल्या धडधाकट माणसाच्याही नाकात नि कातडीवर ते बसून असतात, वाट मिळाली की आत शिरतात. गळू दाबलं की पू बाहेर येतो तसा आतही जातो. आणि नाक नि वरचा ओठ इथल्या शिरांची वाट थेट मेंदूकडे जाते. त्यांचेच भाऊबंद माळेसारखे असतात, ते घसा धरतात, सांधे धरतात, पोरांच्या काळजाला कायमची खोट करतात, बाळंतिणीला ताप आणतात. तुमच्या त्या घोसवाल्यांचं नाव सांगितलं त्यांनी, स्टॅफिलोकोकस. मी परत विचारून पाठ केलं. नवऱ्याला मारणाऱ्याचं नाव तरी ठाऊक असावं ना!

मग त्यांनी विचारलं, “तुमच्या आळीत गळवं फार होतात का?” मी म्हटलं, हटतच नाहीत. ते म्हणाले, “एकाच सुईनं, त्याच हातांनी सगळ्यांची फोडली तर कशी हटतील?” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अहो, तुम्ही बरी करत नव्हता, पेरत होता! याच्या पाठीवरचं काढून त्याच्या मानेवर लावत होतात, आणि त्याची मान पिकली की तो पुन्हा तुमच्याकडे यायचा, तुमचे गुण गात. हे कळल्यावर मला हसावं की रडावं ते समजेना.

पण हे आळीत कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या थोरल्या भावांनी दहाव्यालाच सगळ्यांना सांगून टाकलं, मेंदूत ताप गेला म्हणून. नाकातली पुळी पिळून मेला, हे कसं सांगायचं? घराण्याची शोभा होईल ना! मग लोकांनी त्यात आपली भर घातली. वर्षश्राद्धाला आलेले तुमचे काट्यावरचे सोबती जेवून उठताना हात जोडून म्हणाले, “लोकांची दुखणी अंगावर घेतली हो त्यांनी, म्हणून गेले.” मी विड्याचं तबक त्यांच्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेले. साधू करून टाकलं तुम्हाला! लेंग्याला पू पुसणारा साधू!

आणि परवा ही शेवंतामावशी. मागे तिची सून मंदा उभी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. पदर बाजूला केला तर वरच्या ओठावर नाकाला लागून केसतूड, ओठ सुजून टरटरलेला, अंगात ताप. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली पोर हो!

“सुई मी केव्हाच फेकून दिली,” मी म्हटलं. “हिला आत्ताच्या आत्ता श्रीरामपूरला न्या.”

“कशापायी? नव्या नवरीनं बाप्या डाक्तरला तोंड दाखवायचं व्हय? सुई न्हाई तर न्हाई. बाभळीचा काटा हाय, माझं अंगठं हायेत. भाऊसायेब असंच करत हुते न्हवं?”

आणि तिनं खरंच मंदाची हनुवटी धरली. तुमच्यासारखे दोन्ही अंगठे पुढे. मंदानं डोळे मिटून घेतले.

मी मावशीचे हात धरले. आजवर तिच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. म्हटलं, “मावशी, ते असंच करायचे म्हणूनच मेले. मेंदूचा ताप आकाशातून नाही पडला. नाकातली पुळी पिळली स्वतःच्या हातानं.” ती म्हणाली, “काय बी बोलू नका वैनी, द्येवमाणूस हुता तो.” मग मी तिला सगळं सांगितलं. डोळा कसा बाहेर आला, पापण्यांतून काय गळत होतं, खाटेखाली कसला वास होता, शेवटी तुम्ही जीभ कशी चावत होतात. मावशीनं पदर तोंडाला लावला. तरी मी थांबले नाही. ओट्यावर आणखी बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोरही सांगितलं. आळीतली गळवं तुमच्याच सुईनं फिरत होती, हेही सांगितलं.

मंदाच खाली बसली आणि म्हणाली, “मला न्या वैनी. आत्त्यास्नी काय बी म्हनू द्या.”

सकाळच्याच बसनं नेलं तिला. डॉक्टरांनी पुळीला बोटही लावलं नाही. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, कोमट मिठाच्या पाण्याचा शेक सांगितला आणि दम भरला की कुणी दाबायचं नाही. काल परत दाखवून आणलं. ताप उतरलाय, डोळे स्वच्छ आहेत, ओठही निम्म्यावर आलाय. आज तिनं माझ्याकडे बशीतून चहा प्यायला, ओठ वाकडा करून.

मावशी माझ्याशी बोलत नाही. पाणी भरताना बायकांत म्हणाली म्हणे, “नवरा मेला त्याची बी हिनं अब्रू घालवली.” तुमचे थोरले भाऊ येत्या रविवारी येणार आहेत, मला जाब विचारायला. येऊ देत.

वाईट वाटलं का तुम्हाला? मला वाटलं. काल परत येताना बसमध्ये मंदानं विचारलं, “वैनी, भाऊसायेब चांगले हुते ना वो?” मी म्हटलं, होते गं, फार चांगले होते. आणि मग मला रडू आवरेना. कंडक्टर तिकीट न मागताच पुढे गेला. अहो, एवढे चांगले होतात तर जरा कमी चांगलं म्हणवून घेतलं असतंत, तर काय बिघडलं असतं? आज घरात असतात. मी तुमचे हात साबणानं चोळून धुतले असते आणि तुम्ही चिडला असता.

आता शब्द देते. तुमचं मरण मी कधीच कुणाला चांगलं करून सांगणार नाही. जसं आलं तसंच सांगेन, तुमच्या नावानिशी, पुवासकट, वासासकट. ऐकणाऱ्याला ओकारी यायला हवी आणि त्यानं उठून डॉक्टरकडे जायला हवं. मंदाच्या ओठापायी तुमची अब्रू गेली, उद्या आणखी कुणापायी जाईल. मी जाऊ देईन.

तुमची,
कमल