एकटी असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, कोरटगाव,
जि. नंदुरबार.

अर्जदार : श्रीमती जसोदाबाई रूपचंद पाटील, रा. सावरवाडे (तापीकाठ).

विषय : गावी सांभाळ करणारे कोणी नाही, या दाखल्यासाठी फेरचौकशी होणेबाबत.
संदर्भ : सदर दाखला नामंजूर केल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार विधवा असून एकुलता एक मुलगा गोपाल इंग्लंडात लीड्स गावी नोकरीस आहे. आईला कायमचे तिकडे न्यावे, असे त्याच्या मनात आहे. पासपोर्ट झाला, फोटो झाले. अर्जदारावर कुठलाही गुन्हा नाही, असे पोलिसांनीही लिहून दिले. आता गावी सांभाळणारे कोणीही नाही, एवढे लिहून मिळायचे राहिले आहे. "आई, तेवढा एक कागद काढ, बाकी मी पाहतो," असे गोपाल फोनवर सांगतो. दिवाळीच्या आत कागद गेला नाही तर सगळे पहिल्यापासून करावे लागेल, असेही म्हणतो.

२. आपले चौकशी अधिकारी श्रावणात गावी आले, तो नेमका सप्ताहातल्या काल्याचा दिवस निघाला. कीर्तनकार महाराजांचा उतारा दरसाल अर्जदाराच्या घरी असतो. यजमान होते तेव्हापासूनची ही सेवा आहे, ती मोडवत नाही. त्यामुळे साहेब दारात आले तेव्हा ओट्यावर टाळकरी, ओसरीत पंगत आणि चुलीपाशी बायाच बाया, असा देखावा होता. साहेबांनी एकेकास विचारले, तुम्ही यांचे कोण? आता गावात अर्जदारास सगळेच माय म्हणतात. मृदंग वाजवणारे हिलाल म्हणाले, "मन्ही माय शे ती." त्यांच्या पाठोपाठ कोणी मुलगा, कोणी सून, तर एक म्हातारे दीर झाले. माय उपाशी राहते अशी कोणीतरी तक्रार केली असावी, असा लोकांचा समज झाला आणि गावाची अब्रू राखायला जो तो पुढे सरसावला. शेजारीण तुळशीबाई तर हातात झारा घेऊनच बाहेर आल्या. "एकली शे आसं कोन म्हने? आम्ही काय मरी गऊत का? साहेब, पहिले जेवाले बसा!" साहेब जेवले. पंचनाम्यात मात्र अर्जदारास पाच मुलगे, दोन सुना व एक दीर असल्याची नोंद झाली. साहेबांची यात काही चूक नाही. त्यांनी जे ऐकले ते लिहिले.

३. त्याच पंचनाम्यात असेही आले आहे की, अर्जदार मोरीत पडली तेव्हा शेजाऱ्यांनीच तिला उचलले. हे खरे आहे. परंतु अर्जदार पडली दुपारी. लोक निंदणीला गेले होते. हाका मारून घसा बसला, तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकून नामस्मरण करत राहिली. संध्याकाळी हरिपाठाला तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा तुळशीबाई धावत आल्या. सापडली ती संध्याकाळी, पण पडून होती ती दुपारभर, याची कृपया नोंद घ्यावी.

४. आमचा या बाईशी काही संबंध नाही, असे शेजाऱ्यांनी लिहून द्यावे, असा सल्ला वकिलांनी दिला. अर्जदार तसा कागद घेऊन तुळशीबाईंकडे गेली. त्यांनी तो वाचून घेतला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मन्हा आंगठा तोडी ले, माय, पन हाई मी देवाव नई." त्या दिवसापासून त्या अर्जदाराशी बोलत नाहीत. त्यामुळे अर्जदार आहे त्याहून थोडी जास्तच एकटी झाली आहे. हेही पुरावा म्हणून धरावे.

५. भक्त कधी एकटा नसतो, देव त्याच्या सोबत असतो, असे महाराज कीर्तनात सांगतात. अर्जदाराचा त्यावर पूर्ण भरवसा आहे. तथापि देवाचे नाव तिच्या शिधापत्रिकेवर नाही, सबब त्याची हरकत येऊ नये. कीर्तन चालू असते तोवर अर्जदारास काहीच कमी नसते. मग मंडप उतरतो, माणसे सतरंज्या झटकून आपापल्या घरी जातात आणि अर्जदाराच्या घरात एकच ताट धुवायचे असते. पंचनाम्यात हे कोठे लिहावे, हे तिला समजत नाही.

६. तिकडेही दुपार एकटीचीच असेल, हे अर्जदार जाणून आहे. गोपाल व सून नूतन दोघेही कामावर जातात. तिकडे टाळ नाही, मृदंग नाही. पण संध्याकाळी दाराचे कुलूप काढणारा हात पोटच्या पोराचा असेल. तेवढ्यासाठी ही सगळी धडपड आहे.

७. तरी विनंती की, फेरचौकशीसाठी एकादशी व सप्ताह सोडून कोणत्याही साध्या दिवशी, दुपारी, न कळवता यावे. दार उघडेच असते. त्या वेळी ओट्यावर अर्जदाराखेरीज कोणी आढळल्यास हा अर्ज खुशाल निकाली काढावा. अर्जदार तक्रार करणार नाही. ती त्या माणसाला आधी चहा देईल.

आपली नम्र,
(सही) जसोदाबाई रूपचंद पाटील
दि. २२/०९/२०२५

सोबत :
१) पासपोर्टची प्रत
२) गोपाल याचे पत्र
३) आपल्या पंचनाम्याची प्रत
४) तुळशीबाई यांचा संबंध नसल्याचा कागद : जोडलेला नाही. आता अर्जदारही तो मागणार नाही.